अभंग रेकॉर्ड करायचाय? पट्टी ठरवण्यापासून मास्टरपर्यंत

वारी तोंडावर आली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, एक अभंग करायचाय. एकादशीच्या आत यूट्यूबवर पडला पाहिजे." पट्टी कोणती, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा, असं विचारलं की पलीकडे शांतता. किती कडवी? "चार… नाही, पाच. बघू ना स्टुडिओत." हे "बघू ना स्टुडिओत" फार महागात पडतं. स्टुडिओचं मीटर रिक्षासारखं असतं, सिग्नलला थांबलं तरी चालूच.

म्हणून हा लेख. यात एकच उदाहरण धरलंय: पाच-सहा मिनिटांचा एक अभंग, एक मुख्य गायक किंवा गायिका, पेटी, तबला, पखवाज, टाळ आणि मागे चौघांचा कोरस. स्टुडिओ लहान, एक बूथ आणि एक कंट्रोल रूम. नीट तयारी असेल तर याचं रेकॉर्डिंग दोन दिवसांत होतं. नसेल तर किती दिवस लागतील ते विचारू नका.

आधी चाल आणि पट्टी

चालीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कोणता ते शोधा. मग तानपुऱ्याचं ॲप लावून मुखडा आणि सगळ्यात चढं कडवं तीन पट्ट्यांत म्हणा: नेहमीची, अर्धा सूर खाली, एक सूर खाली. तिन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. गाताना आपल्याला चढी पट्टी झकास वाटते, कारण जोर लावल्याचं समाधान मिळतं. ऐकताना तोच जोर कानाला टोचतो.

महफिलीत वरचा षड्ज एकदाच लावायचा असतो, तोही आवाज तापल्यावर. स्टुडिओत तीच ओळ पंधरा वेळा म्हणावी लागते. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, आरामात गाणारे बुवा तिसऱ्या तासाला घसा खाकरायला लागतात हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. शंका असेल तर अर्धा सूर खाली या. ऐकणाऱ्याला तुमची पट्टी कळत नाही, ताण लगेच कळतो.

पट्टी ठरली की त्याच दिवशी तबलजींना कळवा. लहान तोंडाचा तबला चढ्या सुराचा, मोठ्या तोंडाचा खालचा. काळी एकचा तबला हातोडीने ठोकून काळी चारला आणता येत नाही. निरोप गेला नाही तर सकाळी दहाला तबला चुकीच्या पट्टीचा येतो आणि अकरा वाजेपर्यंत सगळे चहा पीत बसतात.

एक कायद्याची गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती शेवटी कळून उपयोग नसतो. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत. भारतात शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांनी संपतो, आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होऊन गेली. पण त्याच अभंगाला विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली प्रसिद्ध चाल सहसा मोकळी नसते. "अभंग तर पारंपरिक आहे" असं म्हणून लोक ती चाल उचलतात आणि अपलोड केल्यावर दावा आला की चकित होतात. चाल स्वतःची बांधा, खरोखर जुनी वारकरी चाल घ्या, नाहीतर परवानगी काढा.

पेटी ट्यूनरवर तपासा

ही पायरी सगळे गाळतात. एकदा मीही गाळली होती.

ओळखीच्या एका वादकाची जुनी, सुरेख आवाजाची पेटी होती. आम्ही तिच्यावर गाइड ट्रॅक (बाकीच्यांनी ऐकत वाजवायचा कच्चा ट्रॅक) केला, तबला तिच्याशी मिळवला, दिवसभर काम केलं. संध्याकाळी बासरीवाले आले. बासरी काही केल्या बसेना. ट्यूनर लावला तर पेटी नेहमीच्या चारशे चाळीस हर्ट्झऐवजी जवळजवळ चारशे त्रेचाळीसला, म्हणजे साधारण बारा सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). आधी भरून ठेवलेला कीबोर्डचा पॅड चारशे चाळीसला. दिवसभर कानाला काहीतरी खटकत होतं आणि आम्ही खापर गायकावर फोडत होतो.

तबला मिळवता येतो, तानपुरा मिळवता येतो, सॉफ्टवेअरमधली वाद्यं एका बटणाने वर-खाली होतात. पेटीचे सूर मात्र घासून ठरलेले असतात, ते रेकॉर्डिंगच्या सकाळी बदलत नाहीत. त्यामुळे बाकीच्या सगळ्यांनी पेटीकडे जायचं. मधल्या सप्तकाचे सूर एकेक करून ट्यूनरवर बघा, आणि पेटी सगळीकडे सारखीच चढी असेल तर सगळं सेशन त्या आकड्यावर लावा. काही सूर चढे आणि काही उतरलेले असतील तर दुसरी पेटी मागवा.

लय: क्लिक लावायचा की नाही

भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला ऐंशी मात्रांच्या लयीत एक आवर्तन बरोबर सहा सेकंदांचं होतं, म्हणजे सहा मिनिटांत साठ आवर्तनं. हा हिशोब कागदावर मांडा: सुरुवातीचा पीस (नुसत्या वाद्यांचा तुकडा) चार आवर्तनं, मुखडा चार, मधला पीस चार, कडवं सहा, असं शेवटच्या गजरापर्यंत. पूर्वी ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे जुन्या मंडळींना पाल्हाळ लावायची सोयच नव्हती. आता कुणी अडवत नाही, म्हणून लोक नऊ मिनिटांचे अभंग घेऊन येतात आणि सातव्या मिनिटाला त्यांनाच कंटाळा आलेला असतो.

खरी अडचण पुढे आहे. अभंग एका लयीत राहत नाही. मुखडा ठाय, म्हणजे संथ, कडव्यागणिक लय कणाकणाने सरकते, आणि शेवटी गजर उचलला की टाळ धावायला लागतात. घड्याळी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये ठरावीक गतीने वाजणाऱ्या ठोक्यावर, हे सगळं एकाच गतीत बसवलं की अभंग कवायतीसारखा वाटतो. क्लिक काढून टाकला तर लय जिवंत राहते, पण पखवाज, कोरस, टाळ वेगवेगळ्या वेळी भरताना कुणीच कुणाला सापडत नाही.

मी हे असं सोडवतो. तालमीला सगळ्यांना एकत्र बसवून अख्खा अभंग क्लिकशिवाय फोनवर घेतो. मग प्रत्येक कडव्यापाशी लय मोजतो. समजा मुखडा ७६ वर, दुसरं कडवं ७८, शेवटचं ८१ आणि गजर ९६ असं निघालं. हेच आकडे सॉफ्टवेअरच्या टेम्पो ट्रॅकमध्ये भरायचे. लय वाढवायची ती मधल्या पीसमध्ये, दोन आवर्तनांवर पसरून. ओळीच्या मध्ये कधीच नाही. गजराची उडी मोठी असते, ती तिहाईवर (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा) घ्यायची. तिहाई संपून सम आली की नवी लय सुरू. वादक तिथे तशीही उडी घेतातच, आपण फक्त क्लिकला त्यांच्या मागे पाठवतो.

क्लिकचा आवाजही बदला. तो टीप-टीप आवाज तासाभरात डोकं उठवतो आणि हेडफोनमधून माइकमध्ये गळतो. त्याऐवजी टाळाचा किंवा शेकरचा मऊ आवाज लावा, आणि समेवर थोडा जोर द्या.

दहा-दहा वर्षं एकत्र वाजवणारं भजनी मंडळ असेल तर हे सगळं विसरा. त्यांना एका खोलीत बसवा, माइक लावा आणि सलग तीन वेळा वाजवून घ्या. नंतर कापाकापी फारशी करता येणार नाही, पण अशा मंडळींच्या बाबतीत तिची गरजही कमीच पडते.

गाइड ट्रॅक

पेटी आणि आवाज, क्लिकवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सूर थोडा हलला तरी चालेल, पण कडव्यांची संख्या, पुनरावृत्ती आणि थांबे पक्के हवेत. याच्यावर बाकी सगळे वाजवणार आहेत. "इथे मी नंतर एक आलाप घेईन" असं असेल तर तो आलाप आत्ताच घ्या.

माइक कुठे लावायचा

सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांचे वीस ट्रॅक जेमतेम एक जीबी. जागेसाठी काटकसर करू नका. लेव्हल मात्र हात राखून ठेवा: सगळ्यात जोरकस थापही उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे. २४ बिटमध्ये कमी आवाजात घेतलेलं नंतर बिनधास्त वाढवता येतं. फाटलेली थाप मात्र दुरुस्त होत नाही. तालमीतल्या जोरावर लेव्हल लावू नका. लाल दिवा लागला की प्रत्येक वादक थोडं जोरातच वाजवतो.

पखवाजापासून सुरुवात करू. डाव्या बाजूला, धुम्यावर, कणिक लावतात. ती ओली असेपर्यंत घुमारा खोल असतो. एसीच्या कोरड्या हवेत ती सुकत जाते आणि धुमा हळूहळू चढतो. दुपारी घेतलेला टेक, म्हणजे एका दमात घेतलेलं रेकॉर्डिंग, सकाळच्या टेकला जोडायला गेलात की हा फरक ढळढळीत ऐकू येतो. म्हणून पाण्याची वाटी जवळ ठेवा, आणि दर दोन टेकनंतर पखवाजजींना सकाळचा टेक ऐकवून मगच पुढचा घ्या. दोन्ही तोंडांना एकेक माइक, साधारण फूटभर अंतरावर. शक्य असेल तर समोर चार फुटांवर तिसरा. पखवाज हे दुरून ऐकायचं वाद्य आहे. फार जवळ गेलात की फक्त चापटी ऐकू येते.

तबल्याला दायाँवर एक लहान कंडेन्सर, शाईपासून वीतभर वर, वादकाच्या समोरच्या बाजूने तिरका. डग्ग्याला एसएम५७ सारखा साधा डायनॅमिक माइकही उत्तम चालतो. दोन्ही लागल्यावर एका माइकची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटवून बघा. ज्या स्थितीत डग्ग्याची आस भरदार ऐकू येते ती ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण न केल्यामुळे पोकळ झालेला डग्गा मिक्समध्ये तासभर इक्वलायझर फिरवूनही भरत नाही. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, ओल धरते आणि सूर उतरतो, म्हणून वाद्यं अर्धा तास आधी खोलीत आणून ठेवा आणि प्रत्येक टेकआधी तबला मिळवून घ्या.

पेटीचा माइक भात्याच्या बाजूला लावू नका, नाहीतर सुरांपेक्षा फुसफूस जास्त येईल. वरून, दीड फुटावर, पट्ट्यांकडे तिरका. पेटीखाली जाड सतरंजीची दुहेरी घडी घाला, म्हणजे भात्याचा ठोका जमिनीतून माइकच्या स्टँडपर्यंत पोचत नाही. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकाची पट्टी दाबणारी सोय) आवाज करत असेल तर बंद ठेवा.

टाळ मुख्य आवाजानंतर आणि एकटे. टाळाचा आवाज सगळ्या माइकमध्ये घुसतो, आणि एकदा तो मुख्य आवाजाच्या ट्रॅकमध्ये आला की निघत नाही. चार-पाच फुटांवरून घ्या. माइक टाळांच्या कडेच्या रेषेत नको, कारण ते मिटताना हवेचा झोत बाहेर फेकतात.

भरायचा क्रम माझा असा: पखवाज-तबला, मग पेटीचे पीस, कोरस, मुख्य आवाज, टाळ. आणि पेटीची साथ सगळ्यात शेवटी. यावर माझं नेहमी भांडण होतं. बरेच जण पेटी आधीच पूर्ण भरून मोकळे होतात. पण साथ म्हणजे गायकाच्या मागोमाग जाणं. गायक यायच्या आधीच साथ कशी होणार? मग होतं काय, की पेटीने जागा आधीच घेतलेली असते आणि गायकाला तिच्या मागे जावं लागतं. पीस आधी भरा आणि साथीसाठी पेटीवाल्यांना तासभर नंतर बोलवा.

हेडफोनमध्ये काय ऐकू येतंय

टेक बिघडला की लोक गायकाला दोष देतात. मी आधी त्यांचा हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघतो. दहातल्या सहा वेळा उत्तर तिथेच मिळतं. स्वतःचा आवाज फार मोठा येत असेल तर माणूस दबकून गातो, फार लहान येत असेल तर ओरडतो. तबल्याच्या गोंगाटात सूरच ऐकू येत नसेल तर बेसूर होणारच. मुख्य गायकाच्या कानात तानपुरा स्पष्ट हवा, मग पेटी, मग ठेका, आणि आवाजावर थोडासा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. कोरडा आवाज ऐकून चांगले चांगले गायक बिचकतात.

एक कान उघडा ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. ठेवू द्या, फक्त मोकळ्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर तो माइकमध्ये जाईल. कानात आवाज उशिरा पोचत असेल तर सॉफ्टवेअरचा बफर १२८ किंवा त्याखाली आणा. ४८ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे तीन मिलिसेकंदांहूनही कमी.

मुख्य आवाज, म्हणजे डबिंग

आधी आवाज करणाऱ्या वस्तू बाहेर. बांगड्या, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल. काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील तर त्यांवर रुमाल बांधा. गाण्याचा कागद हातात नको, स्टँडवर ठेवा, आणि एका पानावर मावत नसेल तर दोन पानं शेजारी-शेजारी चिकटवा. बसून गायची सवय असेल तर बसून गाऊ द्या. "स्टुडिओत उभं राहूनच गायचं" असा काही नियम नाही. आयुष्यभर मांडी घालून गायलेल्या माणसाला उभं केलं की त्याचा श्वासच बदलतो.

तोंड आणि माइक यांत एक वीत, मध्ये पॉप फिल्टर. मराठीत प, फ, भ हे हवेचे गोळे सोडतात, म्हणून माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित वर किंवा बाजूला ठेवा. विठ्ठलमधला ठ्ठ मात्र ठणठणीत आला पाहिजे. तो मऊ झाला की सगळा अभंग मऊ होतो. आणि ळ कडे लक्ष द्या: वरच्या सुरावर ताण आला की ळ चा ल होतो आणि माइक ते लपवत नाही.

टेक घ्यायची माझी पद्धत अशी: आवाज तापेपर्यंत थांबायचं, पण तापवताना गुपचूप रेकॉर्ड करायचं. मग सलग तीन टेक, मध्ये न थांबवता. चुकलं तरी पुढे जायचं. या तिन्हींतून सत्तर-ऐंशी टक्के काम निघतं. उरलेल्या ओळी मग पंच करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा भरून, घ्यायच्या, पण एक शब्द कधी पंच करू नका. आधीची ओळ गात गात या आणि पुढच्या ओळीत शिरूनच थांबा, म्हणजे श्वास जुळतो. माझ्यापुढे गाण्याचा कागद असतो. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने, चांगल्या ओळीला खूण, संशयाला टिंब. टॉकबॅकवर (कंट्रोल रूममधून गायकाशी बोलायचा माइक) "पुन्हा एकदा" एवढंच म्हणू नका. काय हवंय ते सांगा: "दुसऱ्या ओळीचा शेवट थोडा लवकर सोडा." नुसतं "पुन्हा" पाच वेळा ऐकलं की माणूस खचतो.

सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे आहे आणि मीही वापरतो. पण ते स्वयंचलित लावून सोडून देऊ नका. त्याला मींड कळत नाही. रिषभावरून षड्जावर घसरत येणारा आवाज ते पायऱ्या पाडून आणतं. एकेक सूर हाताने बघा. जिथे खरंच उतरलाय तिथेच उचला. श्वास सगळे कापून टाकू नका, माणूस श्वास घेत गातो.

कोरस

चार जण तीन वेळा गायले की बारा आवाज होतात. दर वेळी त्यांच्या जागा बदला आणि एकदा माइकपासून लांब उभं करा. सुरापेक्षा शेवटची अक्षरं सांभाळा. "विठ्ठल" मधला शेवटचा ल बारा जणांनी बारा ठिकाणी सोडला की चाळणीतून वाळू पडल्यासारखं ऐकू येतं. हात खाली करून इशारा द्यायला एकाला समोर उभं करा.

मिक्स

त्याच रात्री मिक्स करू नका. कान थकलेले असतात, आणि थकलेला कान उंच सूर वाढवतच जातो.

दुसऱ्या दिवशी ठेका आणि आवाज या दोघांनीच सुरुवात करा. तेवढ्यावर अभंग उभा राहिला पाहिजे. मग पेटी. पेटी आणि आवाज एकाच जागेसाठी भांडतात, विशेषतः एक ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात; पेटी तिथे दोन-तीन डेसिबल उतरवा, आवाज वाढवायची गरज पडणार नाही. आवाजाला ऐंशी हर्ट्झच्या खाली कापून टाका. स, श चा सिसकारा पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये असतो, तिथे तो दाबणारा डी-एसर. पेटी थोडी डावीकडे, टाळ उजवीकडे, कोरस दोन्ही कडांना पसरलेला, आवाज आणि पखवाज मधोमध. टाळ तुम्हाला योग्य वाटतात त्याहून थोडे कमी ठेवा. रिव्हर्ब देवळाच्या गाभाऱ्यासारखा हवा असं सगळे सांगतात. द्या, पण आवाज आणि रिव्हर्ब यांत चाळीस-पन्नास मिलिसेकंदांची फट ठेवा, म्हणजे शब्द बुडत नाहीत.

शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे डग्गा ऐकू येणार नाही हे धरूनच चला, पण ठेका कळला पाहिजे.

मास्टर आणि कागदपत्रं

यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) आसपास आवाज आणून ठेवतात. त्याहून मोठा मास्टर दिलात तर ते खाली करतात, आणि मधल्या मधे पखवाजाची थाप दाबली जाते ती जातेच. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे एक डेसिबलवर थांबवा.

स्टुडिओतून बाहेर पडताना फाइली मागून घ्या: २४ बिटचा मुख्य मास्टर, आवाज नसलेला ट्रॅक (कार्यक्रमात लागतोच), वाद्यांचे वेगवेगळे स्टेम्स (प्रत्येक वाद्याची स्वतंत्र फाइल), आणि मूळ सेशनची प्रत. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. वर्षभराने "तो अभंग पुन्हा मिक्स करायचाय" असा फोन येतो तेव्हा स्टुडिओने जागा रिकामी करायला सेशन उडवलेलं असतं.

प्रत्येक वादकाचं नाव, वाद्य आणि मानधन एका कागदावर लिहून सही घ्या, मित्र असला तरी. कायद्याने रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता; तो कोण हे घरचंच गाणं असलं तरी लिहून ठेवा. चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करतेय. गाण्याला बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो. डिजिटल वितरक तो बहुधा स्वतःच देतो.

आणि तारीख. वितरकाकडून सगळीकडे गाणं पोचायला वेळ लागतो, चुकीचं नाव किंवा धूसर चित्र परत आलं तर आणखी. आषाढी एकादशीला अभंग लोकांच्या कानात हवा असेल तर फाइल ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत गेली पाहिजे, म्हणजे जवळपास पंचवीस दिवस आधी. त्याच्या आधी मिक्सला चार दिवस, रेकॉर्डिंगला दोन, तालमीला आठवडा. फोन करायचा तो अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पट्टी ठरवून.